त्यांच्या नावाचा आहेर

आमच्या घरी वडे गॅरेजमध्ये तळतात. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावातली घरं लाकडाची, खिडक्या निम्मं वर्ष बंद, आणि तळणीचा वास एकदा कपाटातल्या कोटांना लागला की वसंत येईपर्यंत उतरत नाही. त्यामुळे उमेदवार आमच्या तळघरात लोकशाहीवर बोलत होते तेव्हा मी दोन गाड्यांच्या मधे, कानटोपी घालून, कढईपुढे उभी होते. खाली काय घडलं ते मला पुढे वकिलाकडून कळलं. तासाच्या दराने.

आमचे हे निवृत्त इंजिनियर आणि इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. यातला ‘माजी’ हा शब्द त्यांना अजून मान्य नाही. अमेरिकन काँग्रेसला उभ्या राहिलेल्या माणसाचा देणगीचा कार्यक्रम आपल्याकडे होणार म्हटल्यावर त्यांनी तळघराला नवा रंग दिला आणि पुण्याहून शाल मागवली. उमेदवाराच्या ऑफिसातल्या तरुणाने फोनवर नम्रपणे सांगितलं की शाल नको, भेटवस्तूंचे नियम असतात. मात्र कम्युनिटीची ताकद दिसायला हवी, किती कुटुंबं देणगी देतात त्याला महत्त्व आहे. यांनी शालीचा नियम फार मनाला लावून घेतला. आणखी काही नियम असतील का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तर तो तरुण ते सांगून मोकळा झाला असता, आणि मी हे लिहीत बसले नसते.

त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडलं आणि निम्मी कुटुंबं आलीच नाहीत. आता लग्नाला कुणी येऊ शकलं नाही तर आपण काय करतो? त्याच्या नावाने आहेर करतो. नंतर तो देतो, किंवा देत नाही, किंवा आपल्या मुलीच्या लग्नात फेडतो. यांनी तेच केलं. दाराशी टॅबलेट घेऊन बसलेल्या मुलीला स्वतःचं कार्ड दिलं आणि न आलेल्यांची नावं, पत्ते, नोकऱ्या घडाघडा सांगितल्या. मंडळाची अख्खी यादी त्यांना तोंडपाठ आहे. मुलीने विचारलं, हे लोक कुठे आहेत? हे म्हणाले, “फॅमिली.” प्रत्येक नावाखाली एक छोटी चौकट होती, तिच्यावर यांनी टिक केली. वाचली नाही. अशी चौकट वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

उमेदवारांनी जाताना हात जोडून नमस्ते केलं, वडा तोंडात असताना. फोटो चांगला आला.

त्या नावांमध्ये एक जोडपं होतं. आमच्यापासून तीन घरं सोडून राहतं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी घरात हिंडूफिरू लागेपर्यंत ती मुलगी रोज ऑफिसला जाताना आमच्या दाराशी डबा ठेवून जायची. वरणभात, भाजी, कधी नुसती पेज. मी रिकामा डबा कधी परत केला नाही, तिनेही नाही. त्यामुळे तो स्टीलचा डबा नेमका कुणाचा, यावर आमच्यात एकमत नव्हतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहता राहता त्यांची लेक बालवाडीतून सहावीत गेली. आता कुठे त्यांचा नंबर लागत होता.

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी ती आली आणि बूट न काढता दारातच उभी राहिली.

“काकू, आमच्या वकिलाने सांगितलं, अर्ज भरण्याआधी स्वतःला एकदा गूगल करा.”

“मग?”

“सरकारी साइटवर माझं नाव आहे. पत्ता, कंपनी, सगळं. मी इलेक्शनला डोनेशन दिलंय म्हणे. माझ्या नवऱ्याने पण.”

हे आतून आले. चेहरा खुललेला. “अगं, मीच घातलं! बर्फामुळे तुम्ही राहिलात ना त्या दिवशी. म्हटलं, पोरांचं नाव राहायला नको.”

“काका, आम्हाला देता येत नाही. व्हिसावर आहोत आम्ही. परदेशी माणसाने दिलं तर गुन्हा आहे.”

“पण तुम्ही कुठे दिलंत? मी दिलं.”

“तोही गुन्हा आहे, काका.”

हे हसले. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसायचे थांबले.

तिने फोनवर ती चौकट दाखवली. मी या देशाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे, आणि हे पैसे माझेच आहेत. यांनी दोघांच्याही नावावर टिक केली होती. ग्रीन कार्डच्या अर्जात एक प्रश्न असतो, तो तिने आम्हाला मराठीत सांगितला: तुम्ही कधी स्वतःला अमेरिकेचे नागरिक म्हणवलं आहे का? खोटं म्हणवलं असेल तर कार्ड विसरायचं. बहुतेक कायमचं.

“आम्ही काय लिहू, काका? नाही लिहिलं तर ते हे पान दाखवतील. हो लिहिलं तर संपलंच.”

संध्याकाळी तिचा नवरा आला. एरवी शांत मुलगा. त्या दिवशी बसायलाही तयार नव्हता. खिशातून चेकबुक काढून म्हणाला, “काका, तुमचे पैसे मी आत्ता देतो. म्हणजे निदान पैसे माझे होते, एवढं तरी खरं होईल.” हे पेन शोधायला उठलेही. मी दोघांनाही खाली बसवलं. मी जन्मभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या, कायदा वाचलेला नाही. पण परदेशी माणसाने देणगी दिली नाही, ही एकच गोष्ट त्यांच्या बाजूची होती, आणि हे दोघं ती चेक लिहून बुडवायला निघाले होते.

मग वकील आले. त्यांचे त्यांना, आमचे आम्हाला. आमच्या वकिलांनी समजावलं की दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा मोठा अपराध आहे, जाणूनबुजून केलं तर तुरुंगसुद्धा. मी विचारलं, मग टीव्हीवर रात्रंदिवस ज्या जाहिराती चालतात त्यांचे कोट्यवधी कोण देतं? ते म्हणाले, त्यासाठी वेगळी समिती असते, तिला कितीही देता येतं, आणि नीट रचना केली तर नावही दिसत नाही. रचना तेच करून देतात. म्हणजे स्वतःचं नाव लपवायला कायद्यात सोय आहे, शेजाऱ्याचं दाखवायला नाही. एरवी मी यावर आठवडाभर हसले असते.

त्या दोघांना वाचवायला एकच मार्ग होता. यांनी सही करून लिहून द्यायचं, की नावं मी घातली, टिक मी केली, पैसे माझे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. आमचे वकील म्हणाले, एका अक्षरावर सही करू नका. त्यांचे वकील म्हणाले, सही नसेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. अर्ज करायची मुदत जवळ आली होती.

हे जेवेनासे झाले. तळघरात जाऊन उमेदवारांबरोबरच्या फोटोसमोर बसायचे. जिंकून गेलेल्या उमेदवारांच्या ऑफिसला त्यांनी फोन केला, तर तोच नम्र तरुण म्हणाला, सर, याविषयी आम्ही बोलू शकत नाही, पैसे परत करण्यात येतील. यादीतले बाकीचे लोक नागरिक होते. त्यातले एक काका फोनवर म्हणाले, “अहो, आपल्यात काय एवढं? पण माझं नाव काढा बुवा लवकर.”

“मी लाच दिली का कुणाला?” हे मला विचारत. “आहेर केला. पोरांच्या मायेने केला.”

“आणि फोटोच्या.”

“हो, फोटोच्याही. या वयात जेलमध्ये जाऊ मी? तूच सांग.”

पेन्शनीतला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, या देशाची शपथ घेताना रडलेला माणूस. आणि तीन घरांपलीकडे ती दोघं, सामान बांधावं की मुलीची पुढच्या वर्षाची शाळा नोंदवावी, हे न कळून बसलेली. मी देवाला वगैरे विचारणारी बाई नाही. पण त्या आठवड्यात भांडी घासताना माझ्या तोंडून “देवा, काय करू” असं मोठ्याने निघालं, आणि ते यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, “मला गुन्हेगार करतेस?”

“इतक्यांची नावं घातलीत. आता स्वतःचं घाला.”

त्यांनी सही केली. कधी नव्हे ते आधी सगळं वाचलं, प्रत्येक ओळ, बोट ठेवून. मग ताट सारून उठले. आमचे वकील फोनवर म्हणाले, आता आपणच पुढे होऊन निवडणूक आयोगाला कळवू.

आयोगाचं उत्तर आलेलं नाही. त्या दोघांच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचंही नाही. दोन्ही वकिलांचं एकाच गोष्टीवर मात्र एकमत आहे: निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मिळून गोष्ट रचली असं वाटायला नको. ती गाडीतून जाते तेव्हा मी टपालपेटीत डोकं घालते. हे आता फिरायला मागच्या रस्त्याने जातात.

तिचा डबा माझ्याकडे राहिला होता. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या आल्या होत्या त्यातून. मी आमच्या वकिलांना विचारलं, डबा परत करू का?

“त्यात काय आहे?”

“अजून काही नाही. पण आमच्यात रिकामा देत नाहीत.”

फोनवर थोडा वेळ शांतता. तिचेही पैसे लागले असणार.

“मॅडम, रिकामा द्या. कृपा करून.”

मी डबा घासला, पुसला, त्यांच्या पायरीवर ठेवला. उन्हात आत काहीच नाही हे झाकण लावलेलं असूनही मला दिसत होतं. वळले तर खिडकीत त्यांची लेक उभी. तिने ओळखीने हात वर केला, मग थबकली, मागे वळून घरात कुणाला तरी काहीतरी विचारलं, आणि हात खाली घेतला.