खांबाचं पाणी

सन २०२२. माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण मलकापूर रस्त्यावरच्या आमच्या जिनिंग मिलचं लोखंडी शेड उभं राहिलं तेव्हा क्रेनला लटकलेल्या पहिल्या खांबाचं बूड धरून जागेवर आणलं ते मीच. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या खांबाला शेंदूर अन् तांब्याभर पाणी. कापसाच्या हंगामाचा नारळही त्याच्याच पायाशी फुटायचा.

त्या वर्षी शेठला छतावर सोलर बसवायचं होतं. खांब एवढं वजन पेलतील का, हे पाहायला पुण्याहून इंजिनिअर बाई आल्या. बाई एकेका खांबाला यंत्र टेकवून लोखंडाची जाडी मोजायच्या. मी मागून लाथ घालून सांगायचो, "मजबूत!" बाकी सगळ्या खांबांवर आमचा दोघांचा निकाल जुळला.

माझ्या खांबाचा शेंदूर त्यांनी खरवडला. बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आतच गेला.

"आजोबा, बाकीचे ठणठणीत आहेत. हाच गंजलाय. इथे रोज पाणी कोण घालतं?"

"मी घालतो. देवाले पारोसा ठेवू काय?"

"हा देव नाही, खांब आहे."

"बाई, तुम्ही आज आल्या. माही त्याची जुनी वळख हाय."

माझ्या बरोबरीचा एक हमाल ओरडला, "बुढ्या, आंघोळ घालू घालू देवाचे पाय सडवले बे तू!"

सगळे हसले. शेठ मात्र म्हणाले, "कापून टाका, नवा बसवू."

मी खांबाला मिठी मारली. "पह्यले मले कापा!"

"आजोबा, सरका जरा," बाई म्हणाल्या. "मला खांब मोजायचाय, तुमचं पोट नाही." मोजून झाल्यावर म्हणाल्या, "बुडाला जाड पट्ट्या वेल्ड केल्या तर हाच राहील. पण यापुढे पाण्याचा थेंब पडला, तर कापायचा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "बोला, पाणी बंद?"

"वेल्डिंग करा," मी म्हटलं. "पाणी बंद होत नसते."

शेठनी कपाळाला हात लावला. तरी टेकू देऊन संध्याकाळपर्यंत वेल्डिंग झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा तांब्या भरून गेलो. शेठ अन् बाई आधीच खांबाच्या आडवे उभे. मी चपला काढल्या, खांबाला तांब्या दाखवला, नैवेद्य दाखवतात तसा. अन् उभ्याउभ्या सगळं पाणी मीच प्यायलो.