तिसरी चढाई

परवा लेकीच्या गुडघ्याला बाम चोळला आणि त्या वासानं मला थेट कडेगावच्या कबड्डीच्या मैदानावर नेलं. अंतिम सामना होता, पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा धूर मैदानावर येत होता, आणि आमच्या संघात चढाईला दोघीच होतो, मी आणि माझी मैत्रीण. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. पहिल्या दोन मी घ्यायचे, कुणाला न शिवता हळूच परत यायचे. तिसरीला तीच जायची, आणि चौघीजणी तिच्या पायांवर तुटून पडायच्या. आम्ही जिंकलो. "दोघींनी भार वाटून घेतला," असं सर माइकवर म्हणाले तेव्हा ढालीला पहिला हात मी लावला. मग मांडवामागं तिचा सुजलेला गुडघा चोळता चोळता तिची आई मला म्हणाली, "तू हाईस म्हणून हिला जरा दम खायाला मिळतो बाई." मैत्रीण म्हणाली, "व्हय आई, आमी वाटूनच खेळतो," आणि बामची डबी तिनं माझ्याकडं सरकवली, "घे, तुलाबी लागलं असंल." मी ती घेतली आणि धडधाकट गुडघ्याला चोळत बसले. परवा लेक म्हणाली, "आई, तू पण खेळायचीस ना? मग तुझ्या गुडघ्यावर एकसुद्धा व्रण कसा नाही गं?"