दोघांचा सिनेमा आणि राहिलेला एक शॉट

भास्करदादा काल गेला आणि रडू यायच्या आधी मला राग आला.

त्याचा. माझा. आणि सकाळपासून फॅमिली ग्रुपवर 'काय talent होतं' असं लिहिणाऱ्या तुम्हा सगळ्यांचा.

होतं ना. मग तेव्हा हसलात कशाला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भास्करदादा माझ्या मोठ्या बाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. सिहोऱ्याला शाळेत गुरुजी. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये, फक्त सुट्टीत गावी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या कुठल्याशा फिल्म सोसायटीत त्याने काही परदेशी सिनेमे पाहिले. एका खोलीत सुरू होऊन त्याच खोलीत संपणारे. दोन माणसं, फार तर तीन.

त्याचं डोकंच फिरलं.

"बेबी, मानसं कमी असली का लपाले जागा नाही रायत," मला सांगायचा. "गर्दीच्या सिनेमात कोनीबी चालते. दोघाच्या सिनेमात एक नाही आला, तर अर्धा सिनेमाच नाही आला."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

त्याने कुणाकडून तरी जुना आठ एमएमचा कॅमेरा मिळवला. आवाज नाही, नुसतं चित्र; बोलणं मागाहून जोडू, म्हणाला.

मोठी आई भात गाळता गाळता म्हणाली, "दोन मानसाचा कुठं सिनेमा रायते का रे? ना गाना, ना मारामारी. कोन पाहीन त्याले?" घरातले सगळे हसले.

गोष्ट एवढीशी. एक दुपार, तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. एक मुलगी भावाची वाट पाहत बसली आहे, तो सायकलवर न्यायला येणार आहे. शेजारी एक म्हातारा ढिवर फाटलेलं जाळं विणतो आहे. दोघं बोलत राहतात. भाऊ येत नाही. शेवटी मुलगी उठते, "मी निघते, बाबा" म्हणते आणि एकटी चालू लागते.

मुलगी मी. म्हातारा म्हणजे खराखुरा पांडूबा ढिवर, जो आयुष्यभर त्याच तलावात मासोळ्या धरत आला.

दिवाळीच्या सुट्टीत निम्मं शूटिंग झालं. तलाव काठोकाठ, पलीकडे धान पिवळं. मग रीळ संपलं आणि माझी सुट्टीही.

उरलेलं उन्हाळ्यात करू, दादा म्हणाला.

उन्हाळ्यात आले तर तलाव तळाला गेलेला. धानाच्या जागी नुसती धसकटं. माझा निळा फ्रॉक गुडघ्याच्या वर, मोठ्या आईने खालची दुमड उसवून दिली तरी पुरेना.

आणि पांडूबाने जाळं विणून पूर्ण केलं होतं!

दादाने कपाळावर हात मारला. "बाबा, मी सांगतलं होतं ना, जाळं फाटकंच ठेवजा म्हनून?"

"फाटकं कसं ठेवू, गुरुजी? मासोळ्या का तुमच्या सिनेमासाठी थांबतीन?"

मी पोट धरून हसले. दादा दोन दिवस कॅमेऱ्याला शिवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन म्हणाला, "बेबी, पोरगी बसूनच राहिली समज. वाट पाहता पाहता पानी आटलं, जाळं विनून झालं, फ्रॉक तोकडा झाला, तरी भाऊ नाही आला. उठन तवा तलाव पुन्हा भरून असन."



एका दुपारची साधी गोष्ट होती ती. एका फाटक्या जाळ्याने तिचं काय करून टाकलं बघा. माणसं तीच दोन. जागा तीच एक.

त्या उन्हाळ्यात तेवढं शूटिंग झालं. आता राहिला होता फक्त तिच्या उठण्याचा शॉट. पुढच्या दिवाळीला, तलाव भरला की.

दिवाळीच्या आधी हॉस्टेलवर त्याचं कार्ड आलं. 'तलाव भरला आहे. ये.'

त्या सुट्टीत शाळेची सहल पचमढीला निघाली होती. मी पचमढीला गेले.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. खरं सांगायचं तर मैत्रिणींना तोकड्या फ्रॉकची, ढिवराची गोष्ट सांगायची मला लाज वाटली होती.

मग कॉलेज. मग लग्न, पुणे. दादाने दुसरी मुलगी घेतली नाही. मी कधीही गेले की एकच, "तेवढा एक शॉट बाकी हाये." आणि माझं एकच, "पुढच्या वेळी, दादा."

तो रागावला का नाही कधी? एकदा तरी ओरडायचं होतंस ना रे!

आता माझी भाचरं फोनवर चार माणसांचे, एका खोलीतले सिनेमे बघतात आणि मला समजावून सांगतात, 'मावशी, हे किती great असतं.' मी मान डोलावते.

गेल्या दिवाळीत गेले होते. दादाच्या हातात काठी आली होती.

"चाल, आता उठ," म्हणाला. "फोनवरच घेऊ. तलाव भरला हाये."

"दादा, केस पांढरे झाले माझे. Continuity कशी जुळणार?"

"तेच तं! इतकी वाट पाहिली पोरीनं. याच्याहून चांगला शॉट नाही भेटत."

आणि मी काय म्हणावं? गुडघे दुखतात, पाळ चढवणार नाही. पुढच्या वेळी.

त्याने फोन खिशात ठेवला. "कायले घाई करतं. होईन," म्हणाला. मलाच समजावत.

गुडघे तेवढे दुखत नव्हते. कंटाळा आला होता, बस.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेत. मला ते भावपूर्ण वगैरे लिहवत नाहीये.

दादा, 'मी निघते' हे माझं वाक्य होतं. ते न ऐकताच तू निघालास.

नीट जा.

तुझी बेबी अजून पाळीवरच बसली आहे.