सातबाऱ्यावर नसलेली बहीण

आमच्या इमारतीचा दुसरा स्लॅब पडला त्याच आठवड्यात जमीनमालकाला आणखी एक बहीण असल्याचं कळलं. कळलं म्हणजे ती स्वतःच बदलापूरला बांधकामावर येऊन उभी राहिली. रविवारची सकाळ होती. मी तिथं होते, कारण दर रविवारी अंबरनाथहून मी विटा बघायला जायची. नवरा विचारायचा, "बघून विटा वाढतात का?" वाढत नाहीत, पण कमी होत नाहीत, तेवढं मला पुरेसं होतं.

सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. उल्हासनगरची कोणी सिंधी बाई फ्लॅट बघायला आली असेल असं मला वाटलं. तिनं वॉचमनला विचारलं, "हितली विहीर बुजवली कं?"

वॉचमन म्हणाला, "कोण तुम्ही?"

"जमीनवाली," ती म्हणाली आणि रेतीच्या ढिगाला वळसा घालून आत गेली. सगळे खांब बघितले आणि कुणाशीही न भांडता निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. माणूस शांतपणे बघून जातं तेव्हा पुढचं काम वकील करतो.

तसंच झालं. मला घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वकिलानं पेपरात नोटीस दिली होती, की या जमिनीवर कुणाचा हक्क असेल तर कळवा. अशा नोटिसा सहसा कोणी वाचत नाही. हिच्या शेजाऱ्यानं वाचली आणि गावाचं नाव बघून हिला ऐकवली. हिनं हरकत घेतली. संस्थेनं सगळ्यांच्या कर्जाचे हप्ते थांबवले, म्हणून बिल्डरनं काम थांबवलं.

इथं माझी अडचण सांगायला हवी. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती. त्याला मिळालेले हिशेबाचे पैसे आम्ही फ्लॅटच्या बुकिंगला घातले होते. कर्ज माझ्या नावावर होतं, कारण पगार आता माझाच होता. मी तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आणि कंपनीचं क्वार्टर आम्हाला दिवाळीपर्यंत रिकामं करायचं होतं. गणपती तोंडावर आले होते. इमारतीला भिंती नव्हत्या.

बिल्डरनं मला ऑफिसात बोलावलं. खरेदीदारांपैकी मीच जास्त प्रश्न विचारायची, म्हणून असेल. जमीनमालकही तिथं होता. आगरी माणूस, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी. सगळे त्याला दादा म्हणत. जमिनीच्या बदल्यात त्यालाही त्याच इमारतीत फ्लॅट मिळायचे होते, म्हणजे अडकला तोही होता.

मी विचारलं, "दादा, वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याला तुम्ही बहिणी किती सांगितल्या?"

"येक. मोठी. तिनं हक्कसोड करून दिलाय. मी साडीचोळी केली तिला."

"आणि ही?"

"ही नाय."

"नाही म्हणजे?"

दादा खिडकीकडं बघायला लागला. बिल्डरच म्हणाला, "मॅडम, ती पळून गेली होती. सिंध्याशी लग्न केलं. यांच्या वडलांनी तिच्या नावानं आंघोळ केली."

आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात असले विधी बंद होते, पण अर्थ मला माहीत होता. माणूस मेलं की करतात ती आंघोळ जिवंत मुलीच्या नावानं करायची. विहिरीवर सगळ्या भावकीसमोर. त्यानंतर तिचं नाव घरात घेत नाहीत. पुढं बाप वारला आणि तलाठ्यानं विचारलं तेव्हा दादानं एकच बहीण सांगितली. जमीन लाटायची म्हणून तो खोटं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच्या हिशेबानं त्याला एकच बहीण होती. फक्त कायद्याला ती आंघोळ माहीत नव्हती. बाप मृत्युपत्र न करता गेला की मुलगी वारस असते, मग तिनं लग्न कुणाशीही केलेलं असो.

"तिची सही आणा," मी म्हणाले.

"मी त्या दारात जानार नाय," दादा म्हणाला.

"मग मॅडम जातील," बिल्डर म्हणाला. "बाई माणूस बाई माणसाशी बोलेल. दिवाळी तुमची आहे, मॅडम."

गेले. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागं, खाली पँट शिवायचा कारखाना आणि वर दोन खोल्या. मशिनींचा आवाज जिन्यातून वर येत होता. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं, "आओ अदी, बैठो," म्हणाला (अदी म्हणजे सिंधीत ताई), आणि पाणी न् भाजलेला पापड पुढं ठेवून खाली कामाला गेला. सिंध्यांच्या घरी आलेल्याला पापड-पाणी देतातच, ओळख लागत नाही.

ती समोर बसली. "दादानं पाठवलं?"

"नाही. माझं घर अडकलंय, म्हणून मी आले." मी सगळं सांगितलं. कंपनी, क्वार्टर, दिवाळी. रडगाणं गायले नाही, नुसतं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मना जमीन नको," ती म्हणाली. "खालती मशिनी बघितल्या ना? पोट भरतंय."

"मग हक्कसोड करून द्या."

"कशी करू? सातबाऱ्यावर मी हायच नाय. जी हायच नाय ती सोडंल कं?" ती हसली. "पयलं नाव लागू दे. आन ते दादानं लावाचं. तलाठ्याच्या म्होरं उभं ऱ्हाऊन बोलाचं, ही माजी बहीन. मंग मी सही करते."

"आणि नाही बोलला तर?"

"तर तुजं घर नाय व्हयाचं, बाय. मना वाईट वाटंल. पन नाय व्हयाचं."

पापड मी खाल्ला. मला तिचा राग आला होता, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला होता.

दादाला निरोप सांगितला तेव्हा तो भडकला. "बापानं केलेली आंघोळ मी कशी पुसू? भावकी तोंडात शेन घालंल."

"कोर्टात गेली तर स्टे येईल. सळया गंजतील. तुमच्याही फ्लॅटच्या."

"गंजू दे," तो म्हणाला. पण जाताना त्यानं अर्धवट स्लॅबकडं वळून बघितलं, ते मी पाहिलं.

त्यानंतर काहीच हललं नाही. गणपती गेले. क्वार्टरच्या ओळीतली दोन कुटुंबं सामान बांधून गावाला गेली. कंपनीच्या माणसानं येऊन आमच्या दारावर खडूनं फुली मारली. नवऱ्यानं ती पुसली, पण खडू पुसला तरी फुली कळायची.

मग एका सकाळी माझ्या ऑफिसात बिल्डरचा फोन आला. "मॅडम, बहीण तयार झाली. आज हक्कसोड रजिस्टर करतोय. उल्हासनगरला सब-रजिस्ट्रारकडे या. ओळख पटवायला तुमची सही पाहिजे. तुम्ही तिला भेटलाय, संस्थेचा वकील तुमच्यावर विश्वास ठेवेल."

तिची अट आठवून मला शंका यायला हवी होती, पण त्याआधी आनंद झाला. हाफ डे टाकून गेले.

रजिस्ट्रारच्या खोलीबाहेर बाकावर दादा बसला होता, मान खाली घालून. शेजारी एक बाई होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पदर नाकापर्यंत ओढलेला. हात मात्र दिसत होते. ते हात त्या बाईचे नव्हते जिनं माझ्यापुढं पापड ठेवला होता.

मी बिल्डरला बाजूला घेतलं. "ही कोण?"

"बहीण."

"मी बहिणीला बघितलंय."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं ना," तो हळू आवाजात म्हणाला. "अंगठा उठतो, कागद फाईलला लागतो, हप्ता सुटतो. दिवाळीला तुम्ही घरात. ती बाई कोर्टात गेलीच तर वीस वर्षं जातील. तोवर तुम्ही म्हाताऱ्या."

"कर्ज माझ्या नावावर आहे. खोट्या कागदावर मी वीस वर्षं झोपू कशी?"

"मग फुटपाथवर झोपा," तो म्हणाला. "साक्षीदार बाहेर चहाच्या टपरीवर पण मिळतात."

आणि मिळाला. टपरीवरचा एक माणूस पानानं रंगलेलं तोंड पुसत आत आला. आमचा नंबर पुकारला. मीही आत गेले. टेबलाशी जाऊन सांगायचं असं ठरवलं होतं. सांगितल्यावर काय होणार तेही माहीत होतं. फौजदारी झाली असती, बिल्डर आत, इमारत तशीच, आणि आम्ही सामानासकट रस्त्यावर.

रजिस्ट्रारनं कागद चाळले. थकलेला माणूस. चष्म्यावरून बघत दादाला विचारलं, "ही तुमची सख्खी बहीण?"

त्याला फक्त हो म्हणायचं होतं. बिल्डरनं तेवढंच पढवलं होतं.

दादानं त्या बाईकडं बघितलं. बघतच राहिला. पंख्याखाली कागद फडफडत होते.

"बोला," रजिस्ट्रार म्हणाला. "बहीण आहे ना?"

"नाय," दादा म्हणाला. "ही नाय. माजी बहीन कॅम्प दोनला ऱ्हाते."

सख्ख्या बहिणीला मेली म्हणताना त्याची जीभ अडखळली नव्हती. पण परक्या बाईला तिच्या जागी बसवून बहीण म्हणणं त्याला जमलं नाही. रजिस्ट्रारनं एकेकाकडं बघितलं, कागद बिल्डरकडं सरकवले आणि पुढचा नंबर पुकारला. ती बाई पदर सावरत आमच्या आधी जिना उतरली.

बाहेर रस्त्यावर दादानं मला विचारलं, "घर कुठं तिचं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"गल्ली माहीत हाय. दार नाय माहीत."

रिक्षा केली. जिन्यावर त्यानं चपला काढल्या, खालीच, पहिल्या पायरीला. देवळात काढतो तशा. वरून ती बघत होती.

तिनं आम्हाला बसवलं. पापड-पाणी ठेवलं. दादानं ग्लास हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. तेव्हा मला माझ्या घरापेक्षा त्या ग्लासाची जास्त काळजी वाटली, कारण घर आता त्याच्यातच होतं.

"पी," ती म्हणाली. "आंघोलीचं नाय ते. नळाचं हाय."

तो हसला की रडला ते मला कळलं नाही, पण पाणी प्यायला. मग तिनं विचारलं, "विहीर कशाला रं बुजवली? पानी गोड व्हतं." आणि दोघं विहिरीबद्दल बोलत बसले. माझी दोघांनाही आठवण राहिली नाही. मी पापड संपवला.

पुढचं सरळ झालं. दादानं तलाठ्यापुढं जबाब दिला. भावकीतल्या एकानं तिथंच विचारलं, "मेलेली परत कशी आली रे?" दादा म्हणाला, "चालत आली. तुज्यासारकी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून नाय." नोटिशीची मुदत संपली, फेरफार झाला, नाव लागलं.

रजिस्ट्रारकडं पुन्हा गेलो त्या दिवशी दादानं साडी आणली होती. तिनं साडी घेतली, पिशवीत ठेवली, आणि हक्कसोडाचा कागद परत केला. बिल्डरचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार.

"संमतीचा कागद करा," ती म्हणाली. "इमारतीला माजी ना नाय, घरं विका. पन नाव ऱ्हाऊ दे."

"साडी घेतलीस ना?" दादा म्हणाला.

"साडी भावाची. नाव माजं."

संस्थेच्या वकिलाला संमतीपत्र चाललं. हप्ते सुटले. बिल्डरनं रात्रंदिवस काम करून आधी आमच्या खालच्या मजल्याच्या भिंती उभ्या केल्या. दिवाळीत आम्ही राहायला गेलो तेव्हा न्हाणीघराला दार नव्हतं. चादर लावून निभावलं. बिल्डरशी मी तेव्हापासून फक्त लेखी बोलले.

तो शेवटचा कागद अजून व्हायचा आहे, जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्याचा. सेक्रेटरी मीच आहे. त्यावर तिची सही लागेल, हे मी दर सभेत सांगते आणि लोक दर सभेत वैतागतात. गेल्या महिन्यात मी कॅम्प दोनला जाऊन तिला विचारून आले.

"देईन की," ती पापड भाजत म्हणाली. "पन निरोप तू नको आनू. दादाला पाठव."