मुंगूस कुणाचं?

परसात कोंबड्या एकदम कलकलल्या की मला ती सकाळ आठवते. घरातल्या दोन खोल्या आम्ही नुकत्याच पर्यटकांना द्यायला लागलो होतो आणि पहिलीच पाहुणी निघाली लंडनची. इंग्रजीच्या धास्तीने आई तिच्यासमोर येईचना. घावणे आणि नारळाचा रस माझ्या हाती देऊन स्वतः चुलीपाशी लपायची. त्या सकाळी माडाच्या बुंध्याआडून काहीतरी सरसरत कोंबड्यांकडे गेलं आणि पाहुणी ओरडली, “मॉन्गूस!” आई पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. “अगो, हिका आमची मालवणी येता?” मी हसले. “नाय गो आये, तो इंग्रजी शब्द आसा.” “इंग्रजी खंयचो? आमचोच तो!” तिला खोटं पाडायला मी मोबाईल उघडला आणि वाचता वाचता गारच पडले. शब्द मराठीतला होता. पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला. मी सांगितलं, तशी आई मटकन पायरीवर बसली. “म्हणजे माझोच शब्द, आणि मीच भियतंय?” तेव्हापासून आई चुलीपाशी लपत नाही. गोरा पाहुणा आला की अजूनही त्याला चहा देताना तोऱ्यात विचारते, “आमचे आणखी किती शब्द नेलास?”