दुर्गाघाटावरची मोजकाठी

दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाच्या घरात जन्मून ढुंढिराज शेवड्यानं पूजा सांगायचं सोडलं आणि कॅमेरा धरला. तेव्हा घर वैतागलं. पुढे वैतागायची पाळी त्याच्यावर आली. सरकारी खात्यासाठी घाटांवरच्या जुन्या शिलालेखांचे फोटो काढायचे, पण फोटोत माणूस नको, वाळत घातलेला पंचा नको, फूल नको. काशीत!

त्या श्रावणात गंगा पायऱ्या गिळत वर चढत होती. घाट बांधणाऱ्याचं नाव कोरलेली शिळा आता बुडायच्या बेतात होती, आणि लखनौचे साहेब फोटो बघायला येणार होते. हा फोटो नसला तर पुढचं काम दुसऱ्याला.

सकाळचं ऊन तिरपं असेतोवरच अक्षरं उठून दिसत. ढुंढिराजनं शिळेशेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी उभी केली, म्हणजे फोटोत शिळेची उंची कळावी. मग काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर घाट उलटा दिसतो. त्या उलट्या घाटात एक उलटा हात आला आणि काठीला कुंकू लावून गेला.

"अहो काकू, हे काय!"

शेजारच्या अन्नपूर्णाकाकू ओलेत्यानं उभ्या होत्या. "काल नव्हते हे देव. नवे बसवलेत?"

"देव नाहीत, मोजकाठी आहे!"

"असेना का. नमस्कार केला तर तुझं काय झिजतं?"

त्यानं कुंकू पुसलं, तर मागच्या बाईनं लोटा ओतला. तिच्यामागे आणखी दोघी फुलं घेऊन. ऊन डोक्यावर आलं, अक्षरं दगडात विरली.

घरी येऊन त्यानं पिशवी आदळली. "सगळी काशी माझ्या काठीच्या मागे लागलीय!"

इंदू भाजी चिरत होती. "मग त्यांना दुसरी द्या की," म्हणाली. उठली, मच्छरदाणीचा एक बांबू सोडला आणि त्याला कुंकू लावून नवऱ्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी शिळेच्या पायाशी होतं. ढुंढिराजनं वरच्या पायरीवर, पंड्यांची छत्री रोवायच्या भोकात, बांबू खोचला. बायका तिकडे वळल्या. खाली मोजकाठी स्वच्छ, शिळा स्वच्छ, अक्षर न् अक्षर टिपलं गेलं.

साहेब आले तेव्हा शिळा बुडाली होती. "बहुत बढ़िया," फोटो बघून ते म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली. बांबूला पिवळं वस्त्र होतं, घंटा होती, आणि अन्नपूर्णाकाकू एका यात्रेकरूला स्थानाचं माहात्म्य सांगत होत्या.

"शेवडेजी, ये कौन-सा स्थान है? इसका फोटो क्यों नहीं लिया?"

"साहब, ये तो मेरी मच्छर…" काकूंनी डोळे वटारले. "कल सुबह ले लूँगा," तो म्हणाला.

संध्याकाळी इंदूनं विचारलं, "बांबू आणलात? रात्रभर डासांनी फोडून काढलं."

"नाही. उद्या त्याचा फोटो काढायचाय. शेजारी मोजकाठी लावून."

"आणि पुन्हा कुणी तिलाच फूल वाहिलं तर?"

ढुंढिराजनं मानेवरचा डास मारला आणि मच्छरदाणीचा दुसरा बांबू सोडायला घेतला.