झिरो नंबरचा चष्मा

'आव' हा आमच्या आईचा आवडता शब्द होता आणि घरात तो बहुतेक माझ्याच वाट्याला यायचा. ताप आलाय म्हणून मी पडून राहिले की "आव आणू नकोस". पाहुण्यांसमोर जाड पुस्तक घेऊन बसले की "मोठी आली अभ्यासाचा आव आणणारी!" नसलेलं असल्यासारखं दाखवायचं म्हणजे आव, हा अर्थ मी तिच्या तोंडून शिकले. अर्थ बरोबर होता, पण अर्धाच होता, आणि राहिलेला अर्धा मला माझ्या बहिणीने शिकवला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहायचो. कॉलेजात गेल्यागेल्या मी मेन रोडवरून जाड काळ्या काड्यांचा, झिरो नंबरचा चष्मा आणला. डोळे माझे ठणठणीत होते. चष्म्याने माणूस हुशार दिसतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. आई हसली आणि नेहमीचा शब्द वापरून मोकळी झाली.

ताईचं उलटं होतं. तिला मायनस पाच नंबर होता आणि डी.एड. होऊन ती लग्नाला उभी होती. चष्म्यावरून दोन स्थळं मोडल्यावर आईने तिचा चष्मा तांदळाच्या डब्यामागे ठेवायला सुरुवात केली. वाचायला बसली की तेवढा तो बाहेर निघायचा. रस्त्यावर ताई माणसं चालीवरून ओळखायची. बघायला कुणी येणार असलं की आदल्या दिवशी रिकामे कप ट्रेमध्ये ठेवून आई तिच्याकडून सराव करून घ्यायची. ओट्यापासून नऊ पावलं, मग डावीकडे पलंग. याला आई आव म्हणत नसे. याला ती समजूतदारपणा म्हणायची.

मग सिन्नरचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात नोकरीला होता आणि बोलायला कमी. सगळ्यांच्या वाटचं बोलायला त्याची आत्या होती. ताईने नऊ पावलं अचूक टाकली, चहाचा थेंब सांडला नाही. तेवढ्यात आत्याबाईंची नजर दाराशी उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. माझा चष्मा खोटा हे घरात इतकं अंगवळणी पडलं होतं, की तो काढून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"धाकटीला चष्मा हाय व्हय? मंग हे घराण्यातच असंल की!"

आईचा चेहरा उतरला. मी पुढे झाले आणि चष्मा काढून सरळ त्यांच्या हातात दिला. "झिरो नंबर आहे, आत्याबाई. नुसती ऐट. घालून बघा ना."

त्यांनी घातला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि खळखळून हसल्या. "आत्ता गं बया! काय एकेक थेरं शहरातल्या पोरींची! बरं झालं, थोरली तशी नाय."

सगळे हसले. मी घराण्याचा उद्धार केल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं आणि मलाही तसंच वाटत होतं.

ताई हसली नाही. ती उठून आत गेली. डबा सरकल्याचा आवाज आला आणि ती चष्मा लावून बाहेर येऊन बसली.

"तिचा खोटा आहे," ती म्हणाली. "माझा खरा आहे. मायनस पाच."

मग तिने त्या मुलाकडे नीट पाहून घेतलं, अजिबात घाई न करता. त्यानेच मान खाली घातली.

सिन्नरहून पुढे काही निरोप आला नाही. तो येणार नाही हे पाहुणे निघाले तेव्हाच आम्हाला कळलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि ताई मोरीत कप धुवायला बसली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? एवढी बाजू सावरली होती मी! तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "गप्प बसली असतीस तर जमलं असतं."

तिने हातातला कप विसळून पालथा घातला आणि मान वर केली. चष्म्यातून इतक्या जवळून तिने माझ्याकडे कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं.

"दोन वर्षं तू तो घालून गावभर मिरवतेस," ती म्हणाली. "तुला एकदा तरी कुणी काढ म्हणालं?"